ॲक्वास्केपिंग स्पर्धेचं परीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी ॲक्वास्केपिंग (माशांच्या टाकीत पाणवनस्पती, दगड आणि लाकूड यांची मांडणी) स्पर्धांचं परीक्षण करायला लागल्यापासून माझ्याकडे तेच तेच प्रश्न येत राहतात. काही नव्या परीक्षकांचे, काही आयोजकांचे, बरेचसे स्पर्धकांचे. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका शब्दाचा खुलासा आधीच करतो. या पानावर शेवाळ म्हणजे टाकीत आपोआप आलेलं अल्गी आणि मॉस म्हणजे मुद्दाम लावलेली वनस्पती. बोलताना आपण दोन्हींना शेवाळच म्हणतो, आणि त्यापायी "शेवाळ फार आहे" असा शेरा सुंदर मॉसच्या टाकीवर पडलेला मी पाहिला आहे.

१. परीक्षक टाकीत नेमकं काय बघतात?

मांडणी डोळ्यांना कशी भावते, रोपं कशी वाढली आहेत आणि मासे त्या जागेत सुखाने राहताहेत का, या तीन गोष्टी. बाकीचे निकष यांच्याच पोटात येतात. नव्या परीक्षकाची नजर मांडणीवर खिळते आणि उरलेल्या दोन गोष्टी अंदाजपंचे उरकल्या जातात. त्यावर मला सापडलेला एकच उपाय आहे: आकडा लिहिण्याआधी जे दिसतं ते लिहायचं. "डावीकडच्या रोटाला रोपाची खालची पानं गळलेली. मुख्य दगड पाण्याच्या निम्म्या उंचीपर्यंत. टेट्रा मासे सगळे उजव्या कोपऱ्यात." एवढंच, चांगलं-वाईट न म्हणता. गुण त्यानंतर. आकडा आधी पडला की डोळे त्या आकड्याला साजेशी कारणं शोधत बसतात.

२. शंभर गुणांची वाटणी कशी करायची?

सगळीकडे चालणारं एक सूत्र नाही, पण मोठ्या स्पर्धांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ताकाशी अमानो यांच्या ॲक्वा डिझाइन अमानो या जपानी कंपनीने २००१ मध्ये आयएपीएलसी (इंटरनॅशनल ॲक्वॅटिक प्लांट्स लेआउट कॉन्टेस्ट) ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तिथे बरीच वर्षं वापरलेल्या पद्धतीत १०० पैकी ५० गुण एकट्या एका निकषाला होते: माशांसाठी नैसर्गिक अधिवास किती साधला. उरलेले ५० गुण पाच निकषांना प्रत्येकी १० असे वाटलेले होते: कारागिरी, दीर्घकाळ टिकाव, नावीन्य व प्रभाव, नैसर्गिक वातावरण, आणि रचना व लागवडीचा तोल. अमेरिकेतल्या ॲक्वॅटिक गार्डनर्स असोसिएशनची स्पर्धा २००० पासून चालते. तिच्या गुणपत्रकात एकूण प्रभावाला ३५, रचना, तोल, जागा आणि रंगाला ३०, सामग्रीची निवड व वापर याला २० आणि टाकी टिकण्याच्या शक्यतेला १५ गुण अशी विभागणी राहिली आहे. नेदरलँड्समधल्या जुन्या परंपरेत परीक्षक घरी येऊन टाकी पाहतात, पाणीसुद्धा तपासतात. तिथे सौंदर्याइतकंच जीवशास्त्राला महत्त्व आहे.

छोट्या हौशी स्पर्धेसाठी मी रचना ३५, रोपांची तब्येत व लागवड ३०, मासे व अधिवास २० आणि नावीन्य १५ अशी वाटणी सुचवतो. परीक्षक नवखे असतील तर "एकूण प्रभाव" हा निकष ठेवूच नका. त्या एका रकान्यात सगळी वैयक्तिक आवडनिवड येऊन बसते. वाटणी कोणतीही असो, प्रवेशिका मागवण्याआधी ती जाहीर झालेली असावी.

३. परीक्षक होण्यासाठी स्वतः स्पर्धा जिंकलेली असावी लागते का?

नाही. मात्र निदान दोन-तीन लागवडीच्या टाक्या वर्षभर तरी स्वतः सांभाळलेल्या असाव्यात आणि नेहमीची तीस-चाळीस रोपं नजरेनं ओळखता यावीत. ज्याने कार्पेट, म्हणजे तळावर गालिच्यासारखी पसरणारी बुटकी रोपं, उपटून वर तरंगताना पाहिलेलं नाही त्याला टिकलेल्या कार्पेटची किंमत कळत नाही.

४. एका टाकीला किती वेळ द्यावा?

फोटोवरून परीक्षण असेल तर माझा हिशोब आठ मिनिटांचा आहे. साठ प्रवेशिका असतील तर आठ तास झाले. ते एका बैठकीत करू नका. चाळिसाव्या टाकीनंतर सगळ्या हिरव्या दिसायला लागतात. आधी सगळ्या टाक्या भराभर एकदा पाहून घ्याव्यात, एकही गुण न देता. त्याने यंदाची पातळी कळते. मग पहिल्या दिवशी सुरुवातीपासून आणि दुसऱ्या दिवशी शेवटून उलट्या क्रमाने पाहावं. पहिली पाच टाक्यांची तुकडी नेहमीच कडक तपासली जाते, उलट्या फेरीत ते बरंचसं सुधारतं.

५. सुवर्ण गुणोत्तर पाळलं नसेल तर गुण कापायचे का?

नाही कापायचे. १ : १.६१८ हे गुणोत्तर सरावाला चांगलं आहे. साठ सेंटिमीटरच्या टाकीत मुख्य आकर्षण एका बाजूपासून साधारण २३ सेंटिमीटरवर ठेवलं की नवख्याचीही मांडणी सावरते. पण पट्टी लावून गुण देणं म्हणजे परीक्षण नव्हे. तुम्ही तपासायचं ते एवढंच की नजर कुठे जाते, तिथे थांबते का, आणि तिथून पुढे तिला वाट मिळते का. मधोमध ठेवलेला उंचवटा, दोन्ही बाजूंना मोकळी वाळू, अशी बेटासारखी मांडणीही सुंदर होऊ शकते. मधोमध ठेवलेली बहुतेक मांडणी फसते ते दोन्ही अर्ध्या भागांचं वजन सारखं झाल्यामुळे. नजर इकडून तिकडे हेलपाटे घालते. गुण जातात ते त्या हेलपाट्यांमुळे.

६. "खोली आहे" असं परीक्षक म्हणतात ते कशावरून ठरवतात?

पुढे तीन-चार आणि मागे पंधरा-वीस सेंटिमीटर असा मातीचा चढ, मागे जाताना अरुंद होणारी वाट, पुढे मोठ्या पानांची आणि मागे बारीक पानांची रोपं, मागचे दगड पुढच्यांपेक्षा लहान. यातलं काय आणि किती सफाईने वापरलं ते पाहायचं. एक गोष्ट लक्षात ठेवा: पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ असल्यामुळे समोरून पाहताना टाकीची खोली प्रत्यक्षाच्या तीन चतुर्थांशच दिसते. पंचेचाळीस सेंटिमीटर खोल टाकी चौतीसची भासते. स्पर्धक भौतिकशास्त्राशी झगडून खोली कमावत असतो, त्यामुळे ती दिसली तर मी सढळ हाताने गुण देतो. चढ ओघळून पुढे माती साचली असेल तर मात्र आधाराचे दगड कमी पडले, हे कारागिरीतलं उणं.

७. फोटोवरून रोपांची तब्येत कशी ओळखायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडतं, कारण रोपं खोटं बोलत नाहीत. फोटो मोठा करा आणि आधी पानं जुनी की नवी ते पाहा. नायट्रोजन कमी पडला तर रोप जुन्या पानांतून तो काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. पोटॅशियम कमी असेल तर जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं दिसतात. लोह रोपाच्या आत सहज हलत नाही, म्हणून त्याची कमतरता वरच्या कोवळ्या पानांत उमटते: शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट.

माझ्या सुरुवातीच्या एका स्पर्धेत मी एका टाकीला "लोहाची कमतरता" म्हणून चार गुण कापले. सोबतच्या परीक्षकाने फोटो आणखी मोठा करून दाखवला. ते हायग्रोफिला पॉलिस्पर्माचं 'रोझानर्विग' हे वाण होतं. पानाच्या शिरा पांढऱ्या, मधला भाग गुलाबीसर. म्हणजे कमतरतेच्या नेमकं उलट, आणि त्या वाणाचं ते रूपच आहे. गुण परत दिले. तेव्हापासून रोपांची यादी मागितल्याशिवाय मी फिकट पानाला हात लावत नाही.

लाल रंगाचंही असंच आहे. रोटाला रोटुंडिफोलिया भरपूर उजेडात आणि नायट्रेट कमी ठेवल्यावर जास्त लाल होते. म्हणजे गर्द लाल शेंडा हा कौशल्याचा पुरावा असू शकतो, तब्येतीचा असेलच असं नाही. पानांचा आकार, पेरांमधलं अंतर आणि खोडाची जाडी पाहा. पेरं लांब लांब असतील तर उजेड कमी पडला आहे.

पानांवरच्या बुडबुड्यांना फसू नका. पाणी ऑक्सिजनने भरून गेलं की रोपांवर मोत्यांसारखे बुडबुडे येतात हे खरं, पण ताजं पाणी भरल्यावर त्यात विरघळलेला वायूसुद्धा काचेवर, दगडावर, पानांवर तसाच बसतो. बुडबुडे दगडांवरही असतील तर फोटो पाणी बदलल्यानंतरचा आहे, एवढंच समजा.

खोडांचा खालचा उघडा भाग मधल्या रोपांनी किंवा दगडाने झाकलेला असेल तर ती लबाडी मानू नका. नेचर ॲक्वेरियम, म्हणजे निसर्गदृश्यासारख्या मांडणीच्या शैलीत ते शिकवलं जाणारं तंत्र आहे.

८. शेवाळ दिसलं की लगेच गुण कमी?

कुठे आणि कोणतं ते पाहून. पुढच्या काचेवरचे हिरवे ठिपके म्हणजे फोटोआधी काच पुसली नाही, एखादा गुण. जुन्या दगडावरचा हिरवा थर बहुतेकदा दगडाला वय देतो, तिथे मी काहीच कापत नाही. अनुबियासच्या पानांच्या कडेला काळ्या ब्रशसारखे पुंजके असतील तर तो जुना आजार आहे. पानं हळू वाढतात म्हणून साठत गेलेला, आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमीजास्त होत राहिल्याची ती खूण असू शकते. कार्पेटमध्ये गुंतलेलं केसाळ शेवाळ सगळ्यात गंभीर, कारण ते रोपाचा उजेड अडवतं. अपवाद दोन. बायोटोपमध्ये नियम वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न ११ पाहा. आणि मारिमोचा हिरवा गोळा हे मुळात शेवाळच आहे, मुद्दाम ठेवलेलं. त्याला रोपासारखेच गुण द्या.

९. मासे तर सजावटीपुरतेच असतात ना? त्यांना वेगळे गुण कशाला?

मला हे वाक्य ऐकवत नाही. टाकीतला सगळ्यात हलणारा आणि दुखू शकणारा जीव तोच आहे. मांडणी त्याच्यासाठी आहे, आणि आयएपीएलसीसारख्या स्पर्धेने निम्मे गुण अधिवासाला दिले ते याच कारणाने (प्रश्न २).

फोटोतूनही बरंच कळतं. पंख अंगाला चिकटवून घेतलेला मासा तणावात असतो. सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड वर करून असतील तर ऑक्सिजन कमी आहे किंवा कार्बन डायऑक्साइड जास्त झाला आहे. रोपं चमकताहेत आणि मासे धापा टाकताहेत असा फोटो मी एकदा पाहिला आहे, त्याला माशांच्या रकान्यात शून्य दिलं. घट्ट गोळा होऊन एकाच दिशेला वळलेला थवा फोटोत फार देखणा दिसतो. पण लहान मासे असे दाटीने जवळ येतात ते बहुतेकदा भीतीने. फोटोच्या क्षणी काचेसमोर हात हलवून तो थवा मिळवतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्याबद्दल गुण कापत नाही, पण जास्तीचेही देत नाही. सैल, पसरलेला, मधल्या पाण्यात खेळणारा कळप मला जास्त बोलका वाटतो.

मग प्रमाण. लहान मासे टाकीला मोठं करतात. मोठा एंजलफिश बारीक पानांच्या कार्पेटवर आला की सगळे डोंगर टेकड्या होतात. आणि शेवटी मासे व रोपांची जोडी. डिस्कस माशाला २८ अंशांच्या वरचं पाणी लागतं, तिथे अनेक नाजूक रोपं तग धरत नाहीत. असा मेळ घातला असेल तर टाकी पुढे टिकेल का, हा प्रश्न टिपणात लिहा.

१०. इवागुमी, डच आणि जंगल शैली एकाच फूटपट्टीने कशा मोजायच्या?

फूटपट्टी एकच ठेवा, पण प्रत्येक शैलीला तिच्या वचनाचा जाब विचारा. इवागुमी ही दगडांभोवती रचलेली जपानी शैली, तिचं वचन दगडांचं आहे. ओयाइशी म्हणजे मुख्य दगड, फुकुइशी दुय्यम, सोएइशी त्यांना साथ देणारे, सुतेइशी जवळजवळ रोपांत बुडून जाणारा. दगडांची संख्या सहसा विषम असते. "एकच रोप लावलंय" म्हणून इवागुमीचे गुण कापणारे परीक्षक भेटतात, ते चुकतात. दगडांच्या रेषा एकाच दिशेला झुकताहेत का, मुख्य दगडाचा दरारा आहे का, ते पाहायचं.

डच टाकीत दगड-लाकडाला फारसं स्थान नसतं. तिथे रोपांचे गट, त्यांच्यातला रंग-पोत-उंचीचा विरोधाभास आणि पुढून मागे चढत जाणारी लायडन स्ट्रीट नावाची तिरकी रांग यांचा खेळ असतो. तिला "नैसर्गिक वाटत नाही" असा शेरा देणं म्हणजे बागेला जंगल का नाही असं विचारणं. दोन शेजारच्या गटांची पानं सारखी दिसत असतील तर मात्र तो खरा दोष.

जंगल शैलीत अस्ताव्यस्तपणा मुद्दाम असतो. तिथे मी एकच विचारतो: खालच्या रोपाला उजेड मिळतोय का? मिळत असेल तर तो पसारा सांभाळलेला आहे.

शक्य असेल तर डच आणि बायोटोप यांचे गट वेगळे ठेवावेत. सगळं एकत्र असेल तर स्पर्धकाने प्रवेशिकेत शैली लिहिलीच पाहिजे.

११. बायोटोप टाकीत पाणी तपकिरी, रोपं जेमतेम दोन. तिला गुण कशावर द्यायचे?

खरेपणावर. बायोटोप म्हणजे निसर्गातल्या एका ठरावीक जागेची प्रतिकृती: तिथलेच मासे, तिथलीच रोपं, तिथल्यासारखा तळ आणि पाणी. कार्डिनल टेट्रा ज्या रिओ नेग्रोत राहतो तिथलं पाणी झाडपाल्याच्या टॅनिनने चहासारखं काळपट आणि आम्लधर्मी असतं. अशा टाकीत पाण्याचा रंग हा दोष ठरत नाही, कुजती पानंही नाहीत, दगडावरचं शेवाळही नाही. उलट दक्षिण अमेरिकेच्या टाकीत आशियातली क्रिप्टोकोरीन दिसली तर ती कितीही टवटवीत असो, मोठा गुणतोटा. स्पर्धकाने जागेचं वर्णन जोडलेलं असावं आणि परीक्षकाने ते टाकीआधी वाचावं. "अमेझॉन" एवढंच लिहिलेलं वर्णन अपुरं आहे. नदी कोणती, प्रवाह कसा, ऋतू कोणता, हे लिहिणाऱ्याने अभ्यास केलेला असतो.

१२. पाण्याखाली झाडं, डोंगर, धबधबे उभारलेल्या टाक्या नेचर ॲक्वेरियममध्ये बसतात का?

यावर परीक्षकांत कायम दोन तट पडतात. लाकडाच्या फांद्यांना मॉस बांधून केलेलं जंगल, चिरे रचून केलेल्या कडेकपारी यांना डायोरामा म्हणतात. त्यातली मेहनत अफाट असते. एकेक फांदी गोंदाने चिकटवलेली, प्रत्येक सांधा मॉसने झाकलेला. कारागिरीचे गुण मोकळ्या मनाने द्या. पण पुढे विचारा की हे पाणी आहे असं वाटतं का? मासा झाडाच्या शेंड्यावरून जाताना पक्षी दिसला तर कल्पना म्हणून छान, अधिवास म्हणून नाही. मासे त्या फांद्यांमध्ये लपतात, आसरा घेतात असं दिसलं तर दोन्ही साधलं.

वाळूचा धबधबा हा पंपाच्या हवेवर चालतो. बारीक वाळू वर नेऊन खाली सोडली जाते. नळीत वाळू तुंबली की तो थांबतो. त्याला कारागिरीत गुण, टिकावात नाहीत.

१३. साध्या सामानात केलेल्या टाकीला सूट मिळावी का?

सूट नको, न्याय हवा. वेगळा कार्बन डायऑक्साइड न सोडता, मंद उजेडात वाढलेल्या अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीनच्या टाकीत रोपं निरोगी असतील तर तब्येतीचे पूर्ण गुण. तिथे लालभडक रोटाला नाही म्हणून कमी नाहीत. सामान काय वापरलं ते परीक्षकाला कळूच नये अशी व्यवस्था उत्तम.

१४. लहान टाकी आणि मोठी टाकी एकाच गटात चालतील का?

शक्यतो नको. फोटो आकार पुसून टाकतो, पण अडचणी पुसत नाही. वीस लिटरमध्ये एक पानही प्रमाण बिघडवतं. तीनशे लिटरमध्ये मागची बाजू भरता भरता वर्ष जातं. लिटरनुसार गट करा आणि लांबी-रुंदी-उंची लिहून घ्या. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी काठोकाठ जवळपास ६५ लिटर होते, पण माती आणि दगड भरल्यावर पाणी बरंच कमी असतं, म्हणून गट बाहेरच्या मापावर ठरवा.

१५. फोटो सुंदर पण टाकी बेताची असेल तर? आणि फोटोवर काय केलेलं चालतं?

फोटोची स्पर्धा नसेल तर फोटोला गुण नाहीत. हेअर ड्रायरने पाण्यावर लाटा उठवणं, मागून पांढऱ्या काचेवर प्रकाश टाकणं, काचेच्या नळ्या आणि डिफ्यूझर (पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारं साधन) तेवढ्यापुरते काढून ठेवणं हे सगळे करतात आणि ते चालतं. रंगसंतुलन आणि उजेड प्रत्यक्षाशी जुळवून घेणं चालतं, कड कापणं चालतं. मासे जोडणं, रोप पुसणं, दोन फोटो एकत्र करणं चालत नाही. शंका असेल तर मूळ फाइल मागवा. ती देता आली नाही तर प्रवेशिका बाद. वाइड अँगल लेन्सने कडांचे दगड वाकलेले दिसतात. ते स्पर्धकाचं दुर्दैव, दगडांचा दोष नाही. तेवढं मनात सरळ करून घ्या.

१६. एखाद्या गाजलेल्या मांडणीची नक्कल वाटली तर?

प्रेरणा आणि नक्कल यांच्यातली रेघ मी तीन गोष्टींवर काढतो: दगड-लाकडाची जागा, मुख्य आकर्षण आणि रोपांची निवड. एक जुळलं तर प्रेरणा. दोन जुळली तर नावीन्याचे निम्मे. तिन्ही जुळली तर नावीन्याला शून्य, पण तब्येत आणि माशांचे गुण तसेच राहतात. शिकताना नक्कल करणं वाईट नाही, माझीही पहिली मांडणी तशीच होती. संशय आला तर मूळ मांडणी शेजारी ठेवून पाहा, आठवणीवर जाऊ नका.

१७. फोटोपुरतीच उभी केलेली टाकी कशी पकडायची?

रोटालाची पानं मोठी करून पाहा. हवेत वाढलेल्या रोटुंडिफोलियाची पानं गोल असतात, पाण्याखाली वाढलेली अरुंद आणि टोकदार. सगळ्या टाकीत गोलच पानं असतील तर रोप कालपरवा लावलं आहे. कातरल्यावर खोडाला फांद्या फुटतात. एका उंचीचे सरळ, बिनफांदीचे खोडांचे गठ्ठे म्हणजे तोडून खोचलेली रोपं. कार्पेटमध्ये चौकोनी सांधे दिसत असतील तर तयार तुकडे अंथरलेले आहेत, अजून एकमेकांत मिसळलेले नाहीत.

पण पकडण्यापेक्षा आधीच टाळणं बरं. प्रवेशिकेबरोबर तारखेसह तीन फोटो मागवा: पाणी भरल्याचा दिवस, मधला टप्पा, आत्ताचा. मधल्या टप्प्यात क्रिप्टोकोरीनची पानं विरघळलेली, काचेवर तपकिरी थर आलेला असं दिसलं तर मला आनंद होतो. ती टाकी जगलेली आहे. असा मधला फोटो पाहून कुणीही गुण कापू नयेत.

१८. परीक्षकांचे गुण एकमेकांपासून फार लांब असतील तर काय करायचं?

पाच परीक्षकांनी एका टाकीला ७८, ८१, ६४, ८३, ८० दिले. सरळ सरासरी ७७.२. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा काढला तर ७९.७. पाच किंवा अधिक परीक्षक असतील तर ही पद्धत पुरते.

खरी अडचण वेगळी आहे, आणि मी ती एका स्पर्धेत निकाल लागल्यावर पाहिली. समजा तीन परीक्षक आणि तीन टाक्या. पहिला परीक्षक मनमोकळा: ९०, ६०, ५०. दुसरा हात आखडलेला: ७४, ७८, ७६. तिसराही तसाच: ७३, ७७, ७५. बेरीज केली तर पहिली टाकी २३७ गुणांनी जिंकते, दुसरीला २१५, तिसरीला २०१. पण तिघांपैकी दोघांनी पहिल्या टाकीला सर्वांत शेवटचं स्थान दिलं होतं! एका परीक्षकाचे ताणलेले आकडे दोघांच्या मतावर भारी पडले. गुणांऐवजी प्रत्येकाचे क्रमांक बेरजेला घेतले तर दुसऱ्या टाकीला ४, उरलेल्या दोघींना ७-७. कमी बेरीज तो विजेता, म्हणजे दुसरी टाकी. म्हणून अंतिम दहा टाक्यांसाठी तरी क्रमांक वापरा. आणि सुरुवातीला मागच्या वर्षीच्या पाच टाक्यांवर सगळ्यांनी मिळून सराव करा, म्हणजे सत्तर गुण म्हणजे काय यावर एकमत होतं.

१९. बरोबरी झाली तर?

आधी ठरलेला निकष पाहावा. मी मासे व अधिवास यांचे गुण वरचढ धरतो. तेही सारखे असतील तर बक्षीस विभागून द्या.

२०. शेरा किती लांब आणि कसा लिहावा?

तीन वाक्यं पुरतात: काय साधलं, काय अडलं, पुढे काय करून पाहावं. "छान प्रयत्न" हा शेरा नव्हे. त्यातून स्पर्धकाला काहीच मिळत नाही. "उजव्या लाकडाचं टोक काचेला टेकतंय, त्यामुळे टाकी तिथे संपल्यासारखी वाटते, टोक तीन-चार सेंटिमीटर आत आणून पाहा" असं लिहिलं की तो त्याच संध्याकाळी टाकीत हात घालतो. प्रश्न १ मध्ये सांगितलेलं टिपण आधीच केलेलं असेल तर शेरा लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

२१. मला माझे गुण पटले नाहीत. तक्रार करावी का?

गुणांबद्दल नको, चुकीबद्दल जरूर. परीक्षकाने रोप चुकीचं ओळखलं, शैली चुकीची धरली, बेरीज चुकली, हे सगळं तपासलं गेलंच पाहिजे. प्रश्न ७ मधला 'रोझानर्विग'चा किस्सा त्याच दिवशी निस्तरला गेला तो कुणीतरी बोललं म्हणून. मांडणी परीक्षकाला आवडली नाही एवढंच असेल तर शेरे शेजारी ठेवून वाचा. तीनपैकी दोन परीक्षकांनी एकाच जागेवर बोट ठेवलं असेल तर त्या जागेपासून सुरुवात करा.

२२. निकाल जाहीर झाल्यावर विजेत्याने नियम मोडल्याचं कळलं तर?

आधी स्पर्धकाला लेखी विचारा आणि उत्तराला सात दिवस द्या. फोटो जोडलेला असेल किंवा टाकी दुसऱ्याची असेल तर बक्षीस परत घेऊन पुढच्यांना एकेक क्रमांक वर सरकवा, आणि तसं जाहीर करा. मापाच्या गटात नजरचुकीने दोन लिटर इकडेतिकडे झाले असतील तर योग्य गटात हलवून गुण तेच ठेवा, नव्याने परीक्षण नको. बाद झालेल्या टाकीवरचे शेरे मात्र स्पर्धकाला पाठवून द्यावेत. ती रोपं त्याच्याकडे अजून वाढताहेत, आणि मासेही तिथेच आहेत.